मुठीवरचे अकरा खड्डे

जुन्या हत्यारांची दुरुस्ती करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे भिंगवाले म्हणत. एरवी खोटं बोलायला त्यांची हरकत नसे, बायकोच्या स्वयंपाकाची तर ते तोंडभरून स्तुती करत. पण गंजक्या पिस्तुलाला चांगलं म्हणा म्हटलं, की वाट दाखवत.

सासरे वारले आणि त्यांचं रिव्हॉल्वर बायकोने दुकानात आणून ठेवलं. मेहुण्याला ते दिवाणखान्यात लावायचं होतं, खाली त्याच्या पराक्रमाची ग्वाही देणारा भिंगवाल्यांच्या सहीचा कागद हवा होता. सासऱ्यांनी त्या रिव्हॉल्वरने अकरा दरोडेखोर लोळवले आणि प्रत्येकामागे मुठीच्या बुडाला एक खड्डा पाडला, हे तीस वर्षं बायकोच्या तोंडून ऐकून भिंगवाल्यांचे कान किटले होते.

चक्राची सहाही घरं रिकामी असल्याची त्यांनी आधी खात्री केली. मुठीच्या लाकडी पट्ट्या काढून आतला नंबर आणि खटक्याची ठेवण जुन्या कॅटलॉगशी ताडून पाहिली. कॅटलॉगातलं दुसऱ्या क्रमांकाचं मॉडेल, बाकदार खटक्याचं. मग झीज तपासली. चक्र जराही डुगडुगेना. नळीतले गोळीला फिरकी देणारे आटे कोरे करकरीत, चक्राच्या तोंडाशी जळाल्याचा ठिपकासुद्धा नाही. सासऱ्यांनी हे हत्यार जन्मात कधी झाडलंच नव्हतं.

भिंगवाल्यांना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यांनी सुईने एक खड्डा खरवडला, तर चुना निघाला. भिंतीचा.

तेवढ्यात समोर स्टुलावर बसलेल्या बायकोकडे लक्ष गेलं आणि त्यांनी हसू आवरलं. खरं लिहावं तर तिचे वडील उघडे पडणार, खोटं लिहावं तर आपली सही कवडीमोलाची. शेवटी चाचरत त्यांनी सांगून टाकलं, की या हत्याराने फक्त खिळे ठोकलेत.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "दरोडेखोरांचं मी तुम्हाला सांगायचे, तुम्ही चिडायचात म्हणून. अहो, खिळा मीच धरून उभी असायचे. सात-आठ वर्षांची असेन. घरातल्या सगळ्या खुंट्या आम्ही दोघांनी ठोकल्यात. एकदाही माझ्या बोटाला लागू दिलं नाही त्यांनी. ते लिहिता आलं तर लिहा."

भिंगवाल्यांनी कागदावर 'झीज' असं लिहिलं. पुढे लिहिलं, 'मुठीला अकरा खड्डे, खिळ्यांचे. खिळा धरणाऱ्या बोटाला एकही नाही.'