भुरीबाईने घातलेला बिब्बा

मानोरा गावाजवळच्या तांड्यावर भुरीबाई डोक्यावर मोळी घेऊन निघाली की लोक म्हणत, आज कुणाकडे तरी मटण आहे. या विधवेने लाकडं विकून लेक वाढवली. मांस भाजायचं लाकूड निवडावं तर तिनेच. निखाऱ्याला धावडा, धुराला बोर. कडुनिंबाने मांस कडू होतं आणि कण्हेरीने माणूस जातो. बोरीचाही धूर कसा उतरतो ते ती भाकरीचा तुकडा त्यावर धरून, खाऊन बघे. हे खूळ नव्हतं. छप्पनच्या दुष्काळात तिच्या बापाने बिब्ब्याच्या लाकडावर ससा भाजला होता. त्या धुराने त्याचं तोंड सुजलं ते सुजलं, एक डोळा पुढे कधी उघडलाच नाही.

लेकीची, ललिताची, सगाई शेजारच्या तांड्याच्या नाईकाच्या, रतनसिंगाच्या मुलाशी ठरली. बोकड मुलीकडचा, लाकूड मुलाकडचं. रतनसिंगाने धावडा म्हणून विकत घेतलेलं गाडीभर लाकूड मोठ्या ऐटीत आणलं. बोकडाच्या विस्तवाजवळ बाईने जायचं नाही, ही रीत.

भुरीबाई गेली. एका ओंडक्याच्या चिरेत काळा, चिकट चीक होता.

"इवाई, याच्यात बिब्बा हाय. पेटवू नका," ती होणाऱ्या व्याह्याला म्हणाली.

"बिब्बा तं तुमी घालून राह्यल्या, इहीनबाई," रतनसिंग म्हणाला. "पोरीच्या सगाईत."

पुरुष खो खो हसले. चांगल्या कामात मोडता घालणाऱ्याला काय म्हणतात, ते काय तिला ठाऊक नव्हतं?

"मी नाही घातला. तुमच्या गाडीत बसून आला तो. खोटं वाटत असन तं घासा मनगटाले."

"हे लाकूड पेटलं नाही, तं सगाई मोडली समजा."

ललिता दारात ओढणीचं टोक मुठीत धरून उभी होती. मुलगा तिच्या मनात भरला होता, आणि असं स्थळ गरिबाच्या दारी दोनदा येत नाही. भुरीबाई भ्यायली, खोटं कशाला बोला? पण विस्तवासाठी खणलेल्या चराभोवती तांड्यातली सगळी पोरं मांसाची वाट बघत बसली होती. तिने लुगडं सावरलं आणि सरळ त्या चरात उतरून मांडी ठोकली.

"आता पेटवा," ती म्हणाली.

कुणी हललं नाही. रतनसिंगाने संतापून सगळ्यांदेखत तो चीक हाताला खसाखसा चोळला आणि आपली माणसं घेऊन चालता झाला. बोकड खुंट्यालाच राहिला. ललिता त्या रात्री न जेवताच झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रतनसिंग एकटाच आला. हात कोपरापर्यंत उतला होता, टरारून फोड आले होते. भुरीबाईने त्याला बाजेवर बसवलं, खोबरेलाची वाटी आणली आणि बोटांपासून हलक्या हाताने तेल लावू लागली. त्याची आग जरा शमली.

"सगाई करून टाकू," तो म्हणाला. "लाकूड तुमचंच घेऊ. पण विस्तव आमचे मानसं लावतीन. बाईमानसानं तिथं जाऊ नाही."

तिने वाटी खाली ठेवली. तेल अजून मनगटाच्या वर गेलं नव्हतं.

"थांबल्या काहून?"

"अर्धा हात झाला," भुरीबाई म्हणाली. "बाकीचा, मी विस्तव लावून आल्यावर."