‘एम.ए.ची गरज नाही’

बायको गेली तेव्हा घरात तिचा धड एक फोटो नव्हता. एक रेशनकार्डावरचा, त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. दुसरा कुणाच्या तरी लग्नातला, त्यात ती पंगतीत वाढायला वाकलेली, नुसता अंबाडा दिसतो. तिला मातीआड करून वर्ष उलटलं आणि एक दिवस सकाळी चौकात चहाला गेलो, तर ती वर. फ्लेक्सच्या कोपऱ्यात, परातीएवढ्या गोलात. डोक्यावर पदर, कपाळाला विभूती, आणि ओठात ते हसू जे ती परक्यासमोर दाबून धरायची.

चहा तसाच ठेवून मी बघत उभा राहिलो. मग बाकीचं वाचलं आणि टाळकं सरकलं.

मधोमध माझी पोरगी. अंगात काळा झगा, डोक्यावर ती चौकोनी टोपी, मागं विमान. तिनं जिंदगीत असली टोपी घातलेली नाही, कुणीतरी कॉम्प्युटरवर चिकटवली. खाली लाल अक्षरात: ‘आमची विद्यार्थिनी परदेशातील विद्यापीठात प्राध्यापिका! तुम्हीही व्हा इंग्रजीचे प्राध्यापक! एम.ए.ची गरज नाही!’ आणि सगळ्यात खाली हात जोडून, पोरीपेक्षा मोठा, माझा मेहुणा.

मी सातवी शिकलेला माणूस. डाळ मिलमध्ये पोती वाहिली, पुढं मुकादम झालो, आता घरी बसून आहे. पण खोटं वाचायला सातवी पुरते.

खरं काय ते सांगतो. पोरगी इंग्रजीत बी.ए. झाली आणि एम.ए.ला नाव घातलं. त्या एम.ए.चा ध्यास तिच्यापेक्षा तिच्या आईला जास्त. लातूरला क्लाससाठी आलेल्या बाहेरगावच्या पोरांचे डबे करायची ती. डबा न्यायला आलेली पोरं दारात उभी राहून फोनवर इंग्रजी फाडायची, ते ही भाकरी थापता थापता ऐकायची. म्हणायची, “माझी पोरगी एम.ए. होणार. कॉलेजात उभी राहून शिकवणार.” उभी राहून, हे ती मुद्दाम म्हणायची. तिची सगळी जिंदगी चुलीपुढं बसण्यात गेली होती.

पोरगी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा आईच्या किडन्या गेल्या. डायलिसिसला न्यायला-आणायला पोरगीच. परीक्षा आली तेव्हा आई दवाखान्यात खाटेवर. मी पोरीला म्हणालो, “तू जा पेपरला, मी हाय इथं.”

“अप्पा, तिला कुशीवर वळवायचं तुम्हाला जमंना. अन् बायकांच्या वॉर्डात तुम्हाला थांबू देईनात. कुठं हाय तुम्ही? बाहेरच्या बाकड्यावर.”

गेली नाही ती. आई मात्र रोज विचारायची, “पेपर कसा गेला गं?” आणि पोरगी सांगायची, “चांगला गेला.” पेपर सरले तशी आईही गेली. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत. बसवून पुरतात, हातात गळ्यातलं इष्टलिंग देऊन. ती तशी बसलेली होती आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, ही आपली पोरगी एम.ए. झाली असं समजून चालली.

राहिलेल्या पेपरांचं पोरीनं परत नाव काढलं नाही. इंग्रजी शिकवायचा एक छोटा कोर्स केला आणि व्हिएतनामला गेली. संध्याकाळी लहान लेकरांना शिकवते. आपल्या लातूरसारखाच क्लास म्हणा, फक्त लेकरं उड्या मारत शिकतात आणि बाईलाही उड्या माराव्या लागतात. मग तिथल्या एका विद्यापीठानं तिला मुलाखतीला बोलावलं. तिनं वर्ग घेऊन दाखवला. लई आवडला म्हणाले. मग म्हणाले, एम.ए. दाखवा.

“नव्हती, अप्पा. झालं,” एवढंच बोलली फोनवर. फोन ठेवून रडली असेल, मला काय दिसतंय इथून.

मुलाखतीला बोलावलं हे मी मेहुण्याला सांगितलं होतं. घेतलं नाही हेही सांगितलं होतं. त्यानं पहिलं कानात ठेवलं, दुसरं झटकून टाकलं.

हा बायकोचा धाकटा भाऊ. नांदेडला कॉलेजात मास्तर होता. एम.ए. आहे, वर पीएच.डी. दारावरच्या पाटीत नावापुढं ‘डॉ.’ लावतो, म्हणून म्हाताऱ्या बायका गुडघे दाखवायला येतात. रिटायर झाल्यावर लातूरला येऊन क्लास काढला. स्वतःच्या दोन डिग्र्या काचेत लावल्यात आणि लोकांच्या लेकरांना सांगतो, गरज नाही.

त्या सकाळी चौकातून तसाच जिना चढून त्याच्या क्लासात गेलो.

“हे काय लावलंस चौकात?”

“या दाजी, बसा की. चहा सांगू?”

“चहा घाल चुलीत. पोरीला विद्यापीठात घेतलं न्हाई, तुला मालूम हाय.”

“आज न्हाई घेतलं, उद्या घेतील. आपण थोडं आधी अभिनंदन करून राहिलो, एवढंच.”

“अन् तुझी विद्यार्थिनी कधी होती ती?”

“लहानपणी एबीसीडी कुणी शिकवली? मामानं!” असं म्हणून हसला, आणि आवाज खाली आणला. “दाजी, ताईचा फोटो बघितला का? माझ्या पोरीच्या साखरपुड्यातला हाय. खास मोठा करून घेतला.”

साल्यानं बरोबर नस धरली. खाली उतरलो आणि परत चौकात जाऊन उभा राहिलो. पुढचे किती तरी दिवस चहाचं निमित्त करून जायचो. पोरीला फोनवर अवाक्षर बोललो नाही. फ्लेक्स उतरला तर तिची आईही उतरणार होती.

मग जळकोटचा माणूस आला. किराणा दुकान आहे त्याचं, सोबत त्याची पोरगी, पाठीला सॅक. चौकात ‘ही बोर्डावरची पोरगी कुणाची’ असं विचारत विचारत घरापर्यंत आले. माणूस साधा. दारातच वाकून ‘शरणार्थी’ म्हणाला, आमच्यातला नमस्कार तो.

“मामा, तुमच्या लेकीचं बघून आलोय. ही माझी एम.ए.ला हाय, पहिलं वर्ष. मी म्हणलं कशाला घासत बसती? आमच्याकडं एम.ए., नेट झालेली पोरं तासावर राबून राहिलीत कॉलेजात, कायम कुणीच करंना. तिकडं एम.ए. बिगर डायरेक्ट विद्यापीठात घेतात म्हणं. क्लासवाले सर म्हणले, कॉलेज सोडल्याचा दाखला घेऊन या, पुढच्या बॅचला बसवतो. आता दाखला काढायलाच निघालोय. म्हणलं आधी मामाला भेटून जावं. खरं हाय ना?”

पोरगी खाली बघत होती. सॅकचा पट्टा बोटाला गुंडाळायची, सोडायची. मी तिला विचारलं, “तुला सोडायचं हाय का एम.ए.?”

“बापू म्हणतेत,” ती म्हणाली.

“बापू काय म्हणतेत ते ऐकलं. तुला विचारलं.”

“न्हाई,” ती म्हणाली. बाप तिच्याकडं बघायला लागला.

मी काय सांगणार? व्हिएतनाम कुठल्या बाजूला आहे तेही मला धड सांगता यायचं नाही. मी सरळ पोरीला फोन लावला, व्हिडिओचा. तिकडं दुपार होती, तिचे क्लास सुरू व्हायचे होते. मी म्हणालो, “हे जळकोटचे हाईत. विद्यापीठात शिकवायला एम.ए. लागते का, खरंखरं सांग.”

“लागते, काका,” ती म्हणाली. “लेकरांच्या क्लासात बी.ए. अन् एक कोर्स चालतो. मी तेच करते. विद्यापीठात बहुतेक ठिकाणी एम.ए. मागतात. आखातात तर म्हणं अर्जाच्या पहिल्या ओळीतच विचारतात. कुठं कुठं नुसत्या बी.ए.वर घेतात, न्हाई असं न्हाई. पण लई वर्षं शिकवलेलं लागतं, अन् ते वर्षाच्या करारावर. नियम बदलला की पहिले तेच बाहेर. मला शिकवता येत न्हाई असं कुणी म्हणलं न्हाई. डिग्री दाखवा म्हणले.”

जळकोटच्या पोरीनं मान वर केली. “ताई, मग बोर्डावर तसं कामून लिहिलंय?”

“कुठला बोर्ड?”

मी मधे हात घालायच्या आत त्या पोरीनं आपल्या मोबाइलमधला फ्लेक्सचा फोटो काढला आणि समोर धरला. तिकडं माझी पोरगी वाकून वाकून बघायला लागली. टोपी बघितली असेल, विमान बघितलं असेल, त्याचं तिनं काहीच म्हटलं नाही.

“अप्पा, त्यात आई हाय का?”

“हाय.”

“‘गरज नाही’च्या वर?”

“हाव.”

जळकोटचा माणूस चप्पल घालून उगाच अंगणात गेला. मग पोरगी म्हणाली, “मी तिला रोज खोटं सांगत होते, अप्पा. चांगला गेला, चांगला गेला. तिला एम.ए. पाहिजे होती म्हणून सांगत होते. अन् तुम्ही तिच्याच तोंडाखाली हे लिहू दिलं?”

“मी न्हाई लिहिलं.”

“पण बघत उभे राहिले ना तुम्ही?”

मी फोन ठेवला, आत गेलो, बायकोचा विळा उचलला आणि निघालो. मागून जळकोटचा माणूस विचारतोय, “मामा, मग दाखला?” मी मागं न बघता ओरडलो, “पोरीला विचार! तोंड हाय तिला!”

चहावाल्याचं बाकडं ओढलं, त्यावर चढलो आणि दोऱ्या कापायला लागलो. पोती उचललेले हात आहेत, अजून थरथरत नाहीत. चहावाला खालून म्हणतोय, “मामा, पडसाल वो! कंबर मोडली तर डागदर वरच हाय, फ्लेक्सवर!” लोक हसले. अर्धा फ्लेक्स लोंबायला लागला तेव्हा मेहुणा स्कूटी घेऊन आला. कुणीतरी फोन केला असणार.

“दाजी, खाली उतरा! लोक बघून राहिलेत!”

“बघू दे. बघायलाच लावलास ना?”

“तुमच्याच पोरीचं नाव मोठं करून राहिलो होतो मी!”

“तिचं नाव बारीक हाय. तुझं मोठं हाय. मोजपट्टी आणू का?”

“तो फोटो माझ्या घरचा हाय. ती माझी बहीण हाय, दाजी.”

मी बाकड्यावरून उतरलो. विळा हातात होता म्हणून तो दोन पावलं मागं सरला. “तुझी बहीण दवाखान्यात रोज एकच गोष्ट विचारायची. तू भेटायला आला होतास तेव्हा तुलाही विचारली. ‘माझी पोरगी एम.ए. होईल ना रे?’ काय म्हणला होतास तू?”

त्यानं हेल्मेट घातलं, काचसुद्धा खाली ओढली, आणि गेला. तेव्हापासून आमच्या घरी आला नाही. न येऊ दे.

फ्लेक्स खाली पसरला आणि विळ्यानं तेवढा बायकोचा गोल कापून घेतला. बाकीचा कोपऱ्यावरच्या भाजीवालीला दिला, तिला सावलीला कापड हवंच होतं. तिनं तो बांधला, मग वर बघून म्हणाली, “मामा, भोक पाडून दिलं की वो. बरोबर टमाट्यावर ऊन पडून राहिलं.”

“टमाटे तिकडं सरकव,” मी म्हणालो. आता मेहुणा हात जोडून दिवसभर तिच्या कांद्यांना नमस्कार करत असतो.

त्या गोलाला घरी खिळे मारले. फ्लेक्सच तो, कडा वळतात, दर चार दिवसांनी परत ठोकावा लागतो. पोरगी दोन महिने माझ्याशी तुटक बोलली. मग एकदा म्हणाली की तिनं एम.ए.ला नव्यानं नाव घातलंय, तिथं राहूनच, फोनवर शिकवतात तसलं. जुनं वर्ष धरत नाहीत, म्हणून पहिल्यापासून. सकाळी अभ्यास, संध्याकाळी उड्या. विद्यापीठात कधी जाईल, जाईल की नाही, मला माहीत नाही. मी विचारत नाही.

आणि चौकात मेहुण्यानं नवा फ्लेक्स लावला. यावेळी कुणाची तरी गोरीपान पोरगी, नेटवरून उचललेली. आई-बाप कुणी नाही कोपऱ्यात. लाल अक्षरं तीच. तो मला उतरवता येत नाही, त्यात माझं कुणी नाही, आणि त्याच्या हुशार मित्रांनी सांगितलंय की हात लावला तर पोलिसात जाऊ.

म्हणून मी खाली बसतो. चहावाल्याच्या बाकड्यावर, बरोबर फ्लेक्सच्या खाली. कुणी पोरगा-पोरगी मान वर करून वाचायला लागले, बापाला बोट करून दाखवायला लागले, की मी विचारायची वाट बघत नाही.

“लागते,” म्हणतो. “एम.ए. लागते.”