पांगाऱ्याच्या मेढी

वाणगावच्या पलीकडे, आमच्या पाड्याला लागून, मशिदीची चार एकर जमीन आहे. फार पूर्वी कुणा भल्या माणसाने ती अल्लाच्या नावाने सोडली. त्याला वक्फ म्हणतात. विकायची नाही, वाटून घ्यायची नाही, पिकेल ते गरिबांच्या कामी लावायचं. पण पिकवणार कोण? कमिटीला कुळाची धास्ती. आज कसायला दिली आणि उद्या कसणाऱ्याने कूळ म्हणून नाव लावलं, तर जमीन गेलीच म्हणायची. म्हणून ती नुसती पडून, घाणेरीचं रान माजलेलं.

२०१५ साली मशिदीची देखभाल बघणाऱ्या चाचांनी कमिटीला कसंबसं तयार केलं. आधी एक एकर एका बाईला देऊन बघू, म्हणाले. ती बाई मी. पन्नाशी ओलांडलेली, जन्म गेला दुसऱ्यांच्या वाडीत मिरची खुडण्यात. स्वतःची जमीन म्हणाल तर अंगणापुरती. मिरचीचं बी आणि पंप वक्फच्या पैशातून, मेहनत माझी, उत्पन्न निम्मं निम्मं. त्यांच्या निम्म्यातून गरीब पोरांच्या शाळेचा खर्च. अट एकच, झाड लावायचं नाही.

पावसाआधी मी कुंपण घातलं. गुरं मोकाट, आणि सिमेंटचे खांब मला कोण देणार? पांगाऱ्याच्या फांद्या तोडून मेढी रोवल्या, वर काटे बांधले. आमच्याकडे सगळेच तसं करतात. आता पांगाऱ्याची ओली मेढ रुजते हे मला ठाऊक नव्हतं होय? होतं की. पण कुंपण ते कुंपण, त्याला कुणी झाड म्हणेल हे डोक्यातच आलं नाही.

दिवाळीनंतर मिरची फुलावर आली आणि कमिटी बघायला आली. मेढींना खांद्याएवढे फुटवे. कमिटीतले एक भाई पूर्वी कोर्टात कारकून होते. ते कुंपणापाशीच थांबले.

"हे कुणी लावलं?"

"लावलं नाही भाई, रुजलं."

"वा. आपोआप रुजलं, आणि तेही रांगेत."

मग त्यांनी बाकीच्यांना समजावलं, की कोर्टात कुळं पहिल्यांदा झाडंच दाखवतात, आम्ही इथे किती वर्षं आहोत ते बघा म्हणून. मला ही युक्ती माहीत नव्हती, त्यांनीच शिकवली. मेढी आजच्या आज उपट, म्हणाले. गुरं तर बांधावरच उभी होती. कुंपण गेलं असतं तर दोन दिवसांत मिरचीचं पान उरलं नसतं. तोडणी होईपर्यंत थांबा म्हटलं, तर त्यांनी पंपाच्या ओट्यावर बसून एक कागद लिहिला. मग यावर सही कर, म्हणाले.

मी शाळेत गेले नाही. लेकीच्या पहिलीच्या पुस्तकातून तिच्याबरोबर अक्षरं शिकले. बोट ठेवून वाचायला लागले.

"सही कर बाई, सूर्य बुडून मगरिबची अजान होईल अशाने."

झाडांवर माझा हक्क नाही, असं वर होतं. ठीक. खाली होतं, पीक निघताच जागा खाली करून देईन, पुन्हा मागणार नाही. सही केली तर जमीन जाणार, नाही केली तर मिरची.

"झाडं तुमची," मी म्हटलं. "पण ही खालची ओळ मी लिहून देणार नाही."

"मग उपट."

मी गेले आणि पहिली मेढ धरून हलवायला लागले. खरंच उपटणार होते. पण मुळं खोल गेलेली, हलेचना. चाचा इतका वेळ काडीने चपलेचा चिखल काढत होते. ते उठले.

"बाय, सोड ते." मग भाईंकडे वळले. "इतकी वर्षं आपण घाणेरी राखली. ती कुणाच्या नावावर करायची, सांगा."

एकजण हसला. भाई हसले नाहीत, पण मागितल्यावर पेन दिलं. चाचांनी खालची ओळ खोडली आणि तिथे लिहिलं, दर वर्षी नव्याने विचारून. मग मी सही केली.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मशिदीच्या फाटकाशी उभं राहून विचारायचं. आता २०१९ चालू आहे, चारही वेळा हो म्हणाले. पण त्यांचा निरोप येईपर्यंत मिरचीचं बी पेरायला माझा हात धजत नाही.