परीक्षा, पाणी आणि मोटारीचं बटण

आमच्या घरातल्या कुणीही माझी परीक्षा बिघडवली नाही.

हे आधीच लिहून ठेवतो, कारण नातेवाईक अजूनही आईकडं संशयानं बघतात. परीक्षा मी स्वतः बिघडवली. घरच्यांनी, गल्लीनं आणि शेजारच्या शेख चाचींनी मिळून ती वाचवायचा जो प्रयत्न केला, तो बघता मला खरं तर वर्गात पहिलं यायला हवं होतं! (वर्ग नव्हता. मी एकटाच बसलो होतो. तरीही.)

झालं असं, की आमच्या कंपनीत मी कॉम्प्युटर विभागात काम करतो. कंपनीचा सगळा हिशेब, माल, पगार ज्या डेटाबेसमध्ये असतो, तो सांभाळायचं काम इथं ठेवायचं की पुण्याला न्यायचं, यावर वर चर्चा सुरू झाली. साहेबांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "डेटाबेसची सर्टिफिकेट परीक्षा पास हो, काम इथंच राहील. नाहीतर तूही कामाबरोबर पुण्याला."

पुणे वाईट नाही. पण माझी बायको मनीषा गंगापूरकडच्या शाळेत शिक्षिका आहे आणि रोज जीपनं जाते-येते. आई-आप्पांना संभाजीनगर सोडायचं नाव काढलं तरी ताप येतो. मी पुण्याला गेलो असतो तर घराची दोन शकलं झाली असती. म्हणून परीक्षा माझी असली तरी अभ्यासाला अख्खं घर बसलं.

मी कंपनीच्या बसमध्ये वाचायचो, जेवणाच्या सुट्टीत वाचायचो, आणि घरी आलो की आप्पा प्रश्न विचारायचे. आप्पा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. इंग्रजी प्रश्न ते एकेक अक्षर जोडत वाचत, आणि मी अडखळलो की हातानं घंटी वाजवल्यासारखं करत.

"सांग लवकर! गाडी थांबलीय!"

"आप्पा, विचार करतोय."

"येत नसंल तर उतर खाली. मागची मंडळी खोळंबल्यात. चला, पुढचा प्रश्न, पुढं सरका!"

या पद्धतीनं माझं बरंच पाठ झालं. आजही ऑफिसात बॅकअपचं नाव निघालं की मला आपोआप पुढं सरकावंसं वाटतं.

परीक्षा घरूनच द्यायची होती. समोर कॅमेरा, कुठल्याशा शहरातून आपल्यावर नजर ठेवणारा एक परीक्षक, आणि नियम असे: खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, बोलता कामा नये, आणि कॅमेऱ्यासमोरून हलता कामा नये. हललात की परीक्षा रद्द! आता आमच्या घरात दार नीट लागतं आणि नेटवर्कही येतं अशी एकच खोली आहे, ती म्हणजे पाण्याचे ड्रम ठेवायची. मोटारीचं बटणही तिथंच.

इथं बाहेरच्यांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि आठवडा किती दिवसांचा हे नळ ठरवतो. त्यामुळं पाणी आलं की घरातला प्रत्येक जण आपापल्या जागेवर धावतो. आई हौदाशी, मनीषा पाइपशी, आप्पा गच्चीवरच्या टाकीशी. आणि मी, वयात आल्यापासून, मोटारीच्या बटणाशी. (मोटार नळाला लावलेली नाही, हौदाला लावलेली आहे, हे ठळकपणे लिहायला आप्पांनी सांगितलं आहे.) गल्लीत पाणी आधी शेख चाचींकडं येतं. त्या "पानी आया!" अशी आरोळी ठोकतात, मग आम्ही पुढच्या घराला ओरडून सांगतो, ते त्याच्या पुढच्या. पाणी आलेलं असताना न ओरडणं आमच्या गल्लीत चोरीइतकं वाईट समजतात.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आईनं धोका ओळखला.

"अन् उद्या पाणी आलं तर?"

"उद्या नाय येत," आप्पा म्हणाले. "परवा हाय पाळी."

"पाळी हाय म्हणून कधी आलंय का?"

आप्पा उठले, टोपी घातली आणि गल्लीत घरोघर जाऊन सांगून आले: उद्या पाणी आलं तर कुणी ओरडायचं नाही. पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे. शेख चाची म्हणाल्या, "अरे भाईजान, मुँह में दुपट्टा ठूँस के बैठती मैं! बच्चे का इम्तिहान पैले, पानी बाद में."

पाण्यापेक्षा माझी परीक्षा आधी! आमच्या गल्लीत एवढा मान अजून कुठल्या नवरदेवालाही मिळालेला नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षकानं कॅमेरा फिरवून खोली दाखवायला सांगितलं आणि निळे ड्रम बघून तो थबकला.

"इनमें क्या है?"

"पानी."

"सब में?"

"हाँ जी."

"खोलकर दिखाइए."

कुणी हुशार नातेवाईक आत लपून उत्तरं सांगत असेल, अशी त्याला शंका असावी. मी एकेक झाकण उघडून दाखवलं. शेवटच्या ड्रममध्ये कांदे निघाले. ते मलाही माहीत नव्हते. परीक्षकानं कांद्यांकडं बराच वेळ बघितलं आणि परीक्षा सुरू केली.

पेपर सोपा नव्हता, पण जमत होता. मनातल्या मनात आप्पांची घंटी वाजत होती, मी पुढं सरकत होतो. घर इतकं शांत की पंख्याची कुरकुर ऐकू यावी. आणि मग प्रश्न आला: सर्व्हर अचानक बंद पडला, तर सर्वात आधी काय कराल? चार पर्याय होते. मी विचार करायला मान किंचित वर केली. लॅपटॉपच्या मागं खिडकी, आणि खिडकीच्या कठड्यावरून जाणारा आमचा हिरवा पाइप.

पाइप हलला.

आधी एक ढेकर दिल्यासारखा उसळला, मग फुगला आणि ताठ झाला. तो पाइप मी लहानपणापासून ओळखतो. त्यानंतर जे झालं ते मी केलं असं म्हणता येणार नाही, ते माझ्या पायांनी केलं. मी उठलो, मागं धावलो, मोटारीचं बटण दाबलं, दार उघडलं आणि ओट्यावर उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडलो,

"पाणी आलंऽऽऽ!"

समोर अंगणात माझं अख्खं घर उभं होतं. अनवाणी! चपलांचा आवाज नको म्हणून. पाइपात जोर यायच्या आधीपासूनच आई हंडा भरत होती, आत फडकं टाकून, धार वाजू नये म्हणून. मनीषानं तो उचलायचा, आप्पांकडं द्यायचा, आप्पांनी गच्चीवर न्यायचा, सगळं नुसत्या खुणांनी. बटण माझ्या खोलीत, म्हणून मोटार न लावता गुडघेदुखीचे आप्पा हंडे घेऊन जिना चढत होते. फाटकापाशी शेख चाची, खरोखरच दुपट्टा तोंडात कोंबलेल्या. त्यांच्या मागं गल्लीतली माणसं मुक्यानं बादल्या वाहत होती. सगळे जागच्या जागी थिजून माझ्याकडं बघत राहिले. आप्पांचं बोट अजून ओठांवर होतं.

मनीषा हळूच म्हणाली, "अहो... परीक्षा?"

मी आत धावलो. पडद्यावर लिहिलं होतं, परीक्षा रद्द.

बाहेर आलो तेव्हा कुणी रागावलं नाही. तेच जास्त लागलं. आई फक्त म्हणाली, "आरं, आमी येवढं गप बसलो, अन् तूच रं?" शेख चाचींनी दुपट्टा तोंडातून काढला आणि म्हणाल्या, "जाने दो भाभी, बच्चा है. पानी देख के किसका दिमाग ठिकाने रहता?" मग मोटार चालूच आहे तर टाकी भरून घेतली. फुकट कशाला घालवायची!

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभा राहिलो. परीक्षकाचा अहवाल त्यांच्याकडं आला होता: परीक्षार्थी अचानक पळाला आणि अनोळखी भाषेत किंचाळला. साहेबांनी अहवाल बाजूला ठेवला.

"पाणी आलं होतं?"

"हो सर."

"पाळी नसताना?"

"हो सर."

साहेबही इथलेच. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "फोर्स होता का?"

"चांगला होता सर."

"मग माणूस काय करणार?" ते म्हणाले आणि मला पुन्हा परीक्षेला बसवायची परवानगी त्यांनी वरून मिळवली. पुण्याचा साहेब असता तर मी आज हे पुण्यातून लिहीत असतो.

या खेपेला धोका कोण आहे हे घराला कळलं होतं. गल्लीला काही सांगायची गरज नव्हती. आप्पांनी कपाटातून आपल्या कंडक्टरच्या बॅगेचा जुना चामडी पट्टा काढला आणि माझे दोन्ही पाय खुर्चीला बांधले. "ह्यो पट्टा आख्खी नोकरी तुटला नाय," ते म्हणाले. मनीषानं खिडकीवर चादर लावली. ड्रम आणि कांदे बाहेर गेले.

परीक्षक दुसरा होता. त्यानं कॅमेऱ्यात टेबलाखालचं दाखवायला सांगितलं.

"आपके पैर बंधे हैं?"

"जी."

"किसने बाँधे?"

"पिताजी ने."

मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, आप अपनी मर्ज़ी से परीक्षा दे रहे हैं ना?"

मी हो म्हणालो. त्याला ते फारसं पटलं नसावं, पण पेपर सुरू झाला. सर्व्हर बंद पडण्याचा प्रश्न पुन्हा आला. या वेळी मान खाली ठेवून उत्तर दिलं. शेवटचं बटण दाबलं, पडदा क्षणभर पांढरा झाला, आणि अक्षरं उमटली: उत्तीर्ण!

मी आनंदानं उसळलो. खुर्चीही उसळली. मग आम्ही दोघं मिळून पालथे पडलो. तो धडाका ऐकून सगळे दार ढकलून आत धावले. सर्वात पुढं आई, हातात हंडा.

"पाणी आलं का?"

"आई, पास झालो मी!" फरशीवरून मी ओरडलो.

"व्हय?" तिनं हंडा खाली ठेवला. मग तिथंच बसली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. आप्पा पट्टा सोडवायला वाकले, पण जुनं बक्कल काही केल्या निघेना. शेवटी मनीषानं काढलं, हसत आणि रडत. मी तसाच पडून राहिलो. तो हंडा खालीच ठेवलेला बघून मला वाटलं, आपल्यासाठी एवढी माणसं पाण्यावर पाणी सोडायला तयार झाली, अजून काय हवं?

आता कंपनीचा सगळा डेटाबेस माझ्या ताब्यात आहे. काहीही बंद पडलं तरी जागेवर शांत बसून मार्ग काढणारा माणूस म्हणून साहेब माझी ओळख करून देतात. सर्टिफिकेट मनीषानं फ्रेम करून ड्रमच्या खोलीत टांगलं आहे, अगदी मोटारीच्या बटणावर. मला वाटलं, कौतुकानं. मी आप्पांना म्हणालो, "बटण झाकलं गेलं की हो!"

"त्यासाठीच लावलंय," आप्पा म्हणाले. "मोटारीवर आता शेख चाची हायत."