तक्रारमावशींची टोपली

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने आमच्या ऑफिसात फोन केला की आता मशीन बोलतं. तक्रारीसाठी एक दाबा, बिलासाठी दोन दाबा. अंधारात घामाघूम झालेला माणूस काय दाबणार, कपाळ? तीन वर्षांपूर्वीपर्यंत तिथे मावशी बोलायच्या. त्या का गेल्या असं कुणालाही विचारा, तो सांगेल की मावशींनी कामाचे मेल केराच्या टोपलीत टाकले. एवढं सांगून हसेलही. पुढची गोष्ट मला माहीत आहे आणि मी ती आजवर गिळून बसलो आहे.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. तीनशेच्या वर इमारती आमच्याकडे आहेत. माझ्या दारावर ‘संगणक विभाग’ अशी पाटी आहे आणि त्या विभागात मी एकटा आहे. मावशी तक्रारींच्या टेबलावर बसायच्या. माघारी सगळे त्यांना तक्रारमावशी म्हणायचे, तोंडावर नुसतं मावशी. वय सत्तावन्न. गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा, पर्समध्ये कायम दोन पेनं, कारण एक कुणीतरी मागून नेणारच. धाकट्या बहिणीबरोबर राहायच्या, तेही चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. “लिफ्ट असती तर बिघडली असती आणि तिचीही तक्रार मलाच घ्यावी लागली असती,” असं म्हणायच्या.

कुणी अडकलं की मेकॅनिक पोहोचेपर्यंत मावशी फोन ठेवायच्या नाहीत. “आमचा माणूस निघालाय हं. तोवर मला सांगा, घरातून निघताना गॅस बंद केलात ना?” इथून सुरुवात. मग मुलगी कितवीत, सासूबाईंची तब्येत कशी, जिन्याने का नाही गेलात. एकदा एक गृहस्थ सव्वा तास अडकले होते. त्या वेळात दोघांनी आपापल्या गुडघेदुखीची औषधं ताडून पाहिली. मेकॅनिकने दार उघडलं तर गृहस्थ म्हणाले, “दोन मिनिटं थांबा, मालिशच्या तेलाचं राहिलंय.” मी त्या ऑफिसात चौदा वर्षं आहे, पण कुणी माझ्याशी बोलण्यासाठी दोन मिनिटं थांबलेलं मला आठवत नाही.

आमचा जुना मेल सर्व्हर कंजूस होता. प्रत्येकाला ठरावीक जागा, ती भरली की नवा मेल आल्या पावली परत. बाकीचे लोक जुने मेल पुसून जागा करायचे. मावशींना पुसणं मंजूर नव्हतं. त्यांच्या लक्षात आलं की पुसलेला मेल टोपलीत जाऊन पडतो आणि टोपलीतल्या मेलची जागा मोजली जात नाही. केर कोण मोजत बसणार, म्हणून मीच कधीतरी तसं करून ठेवलं होतं. झालं. मावशींनी टोपलीतच प्रत्येक इमारतीचा कप्पा केला आणि आलेले, पाठवलेले सगळे मेल तिथे लावायला सुरुवात केली. अशी अकरा वर्षं गेली.

एकदा दुपारी आजूबाजूला कुणी नसताना त्यांनी मला बोलावून हा कारभार दाखवला. “कुठलीही इमारत विचार,” म्हणाल्या. मी विचारली. चार सेकंदांत तिचा सहा वर्षांपूर्वीचा मेल समोर.

“मावशी, अहो ही केराची टोपली आहे!”

“असू दे की. तू ओतून देत नाहीस तोवर कपाटच आहे ते. ओतणार असलास तर आधी सांग म्हणजे झालं.”

“सांगेन की,” मी म्हटलं. त्या दिवशी घरी जाऊन बायकोला ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. आम्ही दोघं हसलो.

आठ महिन्यांनी मोठ्या साहेबांनी नवा सर्व्हर घेतला. बेचाळीस जणांचे मेल शनिवार-रविवारात तिकडे हलवायचे होते. मी सगळ्यांना सूचनांचा मेल पाठवला. सतरा कलमं. चौदावं कलम असं होतं की अनावश्यक मेल हलवले जाणार नाहीत. माझ्या मनात अनावश्यक म्हणजे टोपलीतले. तसं सरळ लिहायला काय झालं होतं? पण सूचना लिहायला बसलो की माझ्या अंगात सरकारी कारकून संचारतो.

शुक्रवारी संध्याकाळी पर्स खांद्याला अडकवून मावशी माझ्या दारात उभ्या राहिल्या. “माझं सगळं येईल ना रे तिकडे?”

“सगळं येईल, मावशी. तुम्ही फक्त सोमवारी नवा पासवर्ड टाका.” मी मान वर करून पाहिलंही नाही.

शनिवारी सकाळी काम सुरू केलं, तर पडद्यावर आकडा आला की संपायला सोमवारची दुपार उजाडेल. सोमवारी सकाळी मेल बंद म्हणजे साहेब माझी हजेरी घेणार. बेचाळीस जणांच्या टोपल्या वगळल्या की तेच काम रविवारी चारपर्यंत होत होतं. मी टोपल्या वगळल्या. त्या वेळी मावशी आठवल्या नाहीत असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण आठवल्या. एकट्या त्यांची टोपली नंतर सावकाश आणू, असं म्हणून मी चहा प्यायला गेलो.

सोमवारी मावशी आल्या. “अरे, माझे कप्पे दिसत नाहीत.”

“जुन्या सर्व्हरवर सुरक्षित आहेत. दोन दिवसांत आणतो.”

जुना सर्व्हर महिनाभर जसाच्या तसा ठेवायचा, हा नियम माझाच. सतरा कलमांत तोही होता. पण मेल एका मिनिटासाठीही बंद न पडता हलले, म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. गुरुवारी सुरक्षा विभागाचे प्रमुख कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगसाठी डिस्क मागायला आले. साहेबांनी विचारलं, “जुन्याचं काम संपलं ना?” मी ऐटीत म्हटलं, “संपलं, साहेब.” तासाभरात डिस्क पुसून त्यांच्या हातात दिल्या. दुसऱ्या दिवशी जेवताना घास हातातच राहिला. टोपली!

कॅमेऱ्याच्या खोलीत धावलो. तोवर त्या डिस्कवर रिकाम्या जिन्याचं वीस तासांचं चित्रण चढलं होतं. काही निघतंय का म्हणून दोन दिवस धडपडलो, काही निघालं नाही. मावशींना मात्र म्हणत राहिलो, “काम चालू आहे, मावशी.” त्या म्हणायच्या, “सावकाश कर, घाई नाही.” असे पंधरा दिवस काढले. त्या जिन्यात दिसल्या की मी मोबाईल कानाला लावायचो.

मग एका सात मजली इमारतीतली लिफ्ट चौथ्या मजल्यावरून निसटली आणि अर्धा मजला खाली येऊन आदळल्यासारखी थांबली. आत शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचा पाय मोडला. त्या लिफ्टचा दोर झिजलाय, ती बंद ठेवा, अशी चिठ्ठी आमच्या मेकॅनिकने महिन्यापूर्वीच मावशींच्या टेबलावर दिली होती. मावशींनी त्याच दिवशी इमारतीच्या सेक्रेटरीला मेल केला होता. त्याचं उत्तरही आलं होतं, की वरच्या मजल्यावर आजारी माणूस आहे, लिफ्ट बंद ठेवता येणार नाही, जबाबदारी माझी. मावशींना ते उत्तर शब्दन्‌शब्द पाठ होतं. पण सेक्रेटरी आता म्हणत होता की आम्हाला कुणी कळवलंच नाही. चिठ्ठी ऑफिसात आल्याचा पुरावा होता, पुढे कळवल्याचा नव्हता. म्हणजे चिठ्ठी दाबून ठेवली ती मावशींनी, आणि त्या बाईंचा पाय मोडला तो मावशींमुळे. असा सरळ हिशोब झाला.

तो मेल मागायला मावशी माझ्याकडे आल्या तेव्हा टोपली पुसली गेल्याचं मला सांगावंच लागलं. मग साहेबांच्या केबिनमध्ये बैठक बसली. मावशींनी सगळं सांगितलं. “मेल कुठे आहे?” साहेबांनी विचारलं.

“टोपलीत होता.”

दोघंतिघं हसले. सुरक्षावाले तर खोकल्याचं निमित्त करून हसले. साहेबांनी मला चौदावं कलम वाचायला लावलं. मी वाचलं, स्वच्छ आवाजात वाचलं. मावशी म्हणाल्या, “पण माझे आवश्यक होते.” यावर पुन्हा हसू. मग साहेब माझ्याकडे वळले. “यांचे मेल टोपलीत असतात हे तुला माहीत होतं?”

हो, एवढा एकच शब्द होता. माझ्या तोंडून निघालं, “टोपलीत कुणी मेल ठेवतं का, साहेब?”

मी खोटं बोललो नाही, नुसता प्रश्न विचारला, अशी स्वतःची समजूत मी बरेच दिवस घालत होतो. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे काही बोलेन म्हणून त्या थांबल्या होत्या, हे मला कळत होतं. मी समोरच्या कागदावरची कलमं मोजत बसलो. मग त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला.

घरी बायकोने चेहऱ्यावरून ओळखलं. सगळं ऐकल्यावर म्हणाली, “अरे, पण तुला माहीत होतं. तूच नाही का मला सांगितलंस, आपण हसलो होतो?” मी म्हटलं, उद्या साहेबांना सांगतो. ती म्हणाली, “सांगच.” दुसऱ्या दिवशी साहेब बाहेरगावी होते. तिसऱ्या दिवशी होते, तेव्हा मला सर्व्हरचं तातडीचं काम निघालं. मीच काढलं. चौथ्या दिवशी बायकोने विचारणं सोडलं आणि भाजीत मीठ कमी असल्याचंही मी तिला सांगितलं नाही. माझी तेवढी पत उरली नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी मावशी माझ्या खोलीत आल्या. हातात एक टाईप केलेला कागद होता. साहेबांनी त्यांच्याकडून लेखी खुलासा मागितला होता, आणि खाली संगणक विभागाने तो बरोबर असल्याची सही करायची होती. मी वाचायला लागलो. मेल टोपलीत ठेवणे ही माझी चूक आहे. त्याबद्दल मी कामावरून मुक्त होत आहे. माझ्या या पद्धतीची संगणक विभागाला कल्पना नव्हती.

शेवटच्या ओळीवर मी अडकलो. “मावशी, हे खरं नाही.”

“मला माहीत आहे.”

“मग हे लिहू नका. मी जातो साहेबांकडे. आत्ता जातो.” मी उठलोसुद्धा. खरं सांगतो, त्यांनी मला अडवावं असंही वाटत होतं.

“बस खाली,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. अडकलेल्या माणसाशी बोलायच्या तोच आवाज होता. “त्या दिवशी तू हो म्हणाला असतास ना, तर तुझ्या बाजूने मी साहेबांशी भांडले असते. म्हटलं असतं, पोराच्या हातून झालं, बेचाळीस जणांचं काम एकट्याने केलंय. पण तू बोलला नाहीस. आता मी खरं लिहिलं तर लोक काय म्हणतील? नाचता येईना, अंगण वाकडं. म्हातारीने आपलं पाप दुसऱ्याच्या माथी मारलं. आधीच म्हणतायत, हिच्यापायी त्या बाईचा पाय मोडला. त्यात खोटारडी म्हणून आणखी कुठे घेऊ?”

“मावशी, मी...”

“माझं खरं तू त्या दिवशीच घालवलंस. आता निदान हे तरी सुरळीत होऊ दे.”

त्यांनी पर्समधून पेन काढून माझ्यासमोर ठेवलं. मी कागद पुढे ओढला. नको म्हणायला तेव्हाही वेळ होता, कुणी माझा हात धरला नव्हता. मी सही केली.

मावशींनी चष्मा वर सरकवून ती नीट पाहिली आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.

“तारीख राहिली,” त्या म्हणाल्या.

मी तारीख घातली.