सूनबाईंनी मला घोरायला नेलं

माझ्या घोरण्याचा कुणाला उपयोग होईल, असं मला जन्मात वाटलं नव्हतं. आमच्या सौभाग्यवतींनी त्यापायी वेगळी खोली धरली. शाळेत मागच्या बाकावर माझा डोळा लागला, की सगळा वर्ग खिडकीबाहेर कुठलं जनावर आलंय ते बघायचा. आणि परवा सूनबाई म्हणाली, “बाबा, पोटभर जेवा. तुम्हाला घोरायला न्यायचंय.” माझा घास हातातच राहिला!

सूनबाई लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. फिरतीवरच्या फिटर लोकांच्या मुक्कामाची सोय ती बघते. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्याला सगळे उस्ताद म्हणतात. तो नोकरी सोडायला निघाला होता. हॉटेलात शेजारच्या खोल्यांच्या आवाजाने झोप म्हणून नाही, आणि सकाळी लिफ्टच्या खोल विहिरीत लोंबकळताना डोळे मिटायला लागतात. “ताई, एक दिवस हात सुटेल माझा,” तो म्हणाला. ते ऐकल्यापासून पोरीचाच डोळा लागेना.

कंपनीला एकाच हॉटेलवाल्याशी करार करायचा होता. समोर दोघं होते, एक स्वस्तातला, दुसरा मधल्या दराचा. शाखा दोघांच्याही गावोगावी, खोल्या सगळीकडे सारख्या. सूनबाईचा फोटोंवर भरवसा नाही. उस्ताद एका खोलीत, मी शेजारच्या. बस, हीच तिची परीक्षा.

आधी मधल्या दराचं. अहो, काय थाट! भिंतीत कार्ड खुपसल्याशिवाय दिवा लागत नाही. पलंगावर इतक्या उशा, की मला आडवं व्हायला जागा सापडेना. पण झोपलो एकदाचा.

उठलो तर दारात उस्ताद, डोळे लालभडक. “काका, घोरता ते घोरा. पण मधेच थांबता! मग मी श्वास रोखून बसतो, आहात की गेलात!”

“एवढ्या जाड भिंतीतून?” मी थक्क.

“भिंत कुठली? दार आहे,” सूनबाईने पडदा सारला. कुटुंबांच्या सोयीसाठी दोन खोल्यांमध्ये दार, आणि खाली बोटभर फट! काउंटरवरच्या पोरीला विचारलं, तर म्हणे बिनदाराची खोली दर वेळी मिळेलच असं नाही.

मग स्वस्तातलं. कपाट नाही, नुसत्या खुंट्या. उशी एकच, तीही जेमतेम. उस्तादने तोंड वाकडं केलं. “ताई, साहेबांना खूश करायला मला इथे कोंबताय ना?”

“आधी आडवे तर व्हा,” ती म्हणाली. चेहरा मात्र पडला होता.

मी जीव ओतून घोरलो. उठून बाहेर आलो, तर सूनबाई उस्तादच्या दारावर थापा मारत होती. आतून हूं नाही की चूं नाही. काउंटरवाल्याला बोलावून दार उघडलं.

उस्ताद बुटांसकट पालथा पडला होता आणि घोरत होता. असा घोरत होता म्हणून सांगू! मी आयुष्यात पहिल्यांदा लाजलो. आणि एवढा गडगडाट बाहेर ऐकूसुद्धा आला नव्हता!

मी हाक मारणार, तोच सूनबाईने माझा दंड धरला. डोळे पुसले, दार हळूच ओढून घेतलं आणि काउंटरवाल्याला म्हणाली, “ही खोली उद्यापर्यंत राहू द्या. कुणी उठवू नका त्यांना.”