निळ्या खिडकीपाशी

सातुर्नीनो पोमाला चिल्काच्या वस्तीत सगळे उस्ताद म्हणत, कारण त्याने उभी हयात वानकायो ते लिमा बस चालवली होती. बस सकाळी डोंगरातून निघायची, बर्फाच्या खिंडीवरून पलीकडे उतरायची आणि दिवेलागणीला लिमाच्या स्टँडवर पोचायची. रात्र तिथेच काढायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच परत फिरायचं. एवढ्या भांडवलावर माणूस लिमाचा जाणकार झाला होता.

वस्तीतलं कुणीही लिमाला निघालं, की तिकीट काढायच्या आधी उस्तादकडे यायचं. प्रश्न एकच. तिथे जेवायचं कुठे?

उस्ताद घाई करत नसे. आधी टोपी मागे सारायचा, मग रस्त्याकडे बघायचा. "स्टँडजवळ खाऊ नकोस, तिथे प्रवाशाला कापतात. सरळ समुद्रावर जा, चोरियोसला. तिथे 'निळी खिडकी' विचार. मालकीण तोंडाने फटकळ आहे, तिकडे लक्ष द्यायचं नाही. खिडकीपाशी बस. समोर सूर्य पाण्यात उतरत असतो. सांग, सातुर्नीनोने पाठवलंय, आणि सेविचे मागव. लिंबात मुरवलेला मासा, वर कांदा, बाजूला रताळं. माझ्यापुढे तर ती न विचारता ताट ठेवते."

माणूस परत आला की म्हणायचा, "उस्ताद, सापडली नाही हो निळी खिडकी."

"चर्चपाशी डावीकडे वळलास?"

"हो."

"तिथेच चुकलास."

खरी गोष्ट अशी, की सातुर्नीनोने लिमाचा समुद्र कधी पाहिलाच नव्हता. स्टँड, स्टँडमागची खानावळ, ड्रायव्हरांची झोपायची खोली आणि पुन्हा स्टँड, एवढंच त्याचं लिमा. सूर्य, मासा, लिंबू हे सगळं त्याने प्रवाशांच्या तोंडून गोळा केलं होतं. परतीच्या वाटेवर मागच्या बाकांवर लोक काय काय खाल्लं तेच बोलत असतात, आणि ड्रायव्हरला कान असतात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी त्याची ही मूठ इतकी वर्षं झाकलेली होती.

पण याची किंमत तो दर रविवारी मोजत होता. रविवारी घरी कोंबडीचं सूप असायचं. कोंबडीला तंगड्या दोनच. एक मुलीला जायची, एक सासूला. सातुर्नीनोच्या वाटीत त्याची बायको वितालिया मान टाकायची.

"तुझं काय बाबा, तू समुद्रावर मासे झोडतोस," ती म्हणायची. त्यात टोमणा नव्हता, सरळ हिशेब होता. ज्याला आठवडाभर चांगलं मिळतं, त्याने रविवारी मान चोखावी. सातुर्नीनो मान चोखायचा. दुसरं करणार काय? सासू वारली, मुलगी, तिचं नाव नेली, लग्न होऊन लिमाला गेली, तरी मान त्याचीच राहिली. एक तंगडी वितालिया खायची आणि दुसरी सोमवारच्या भातात घालायची.

मग तो निवृत्त झाला, आणि त्याच वर्षी नेलीच्या बाळाचा बाप्तिस्मा ठरला. दोघांनी बसची तिकिटं काढली. सातुर्नीनो आयुष्यात पहिल्यांदा प्रवाशाच्या बाकावर बसला आणि प्रत्येक वळणावर पाय दाबत राहिला. खिंड उतरल्यावर वितालिया म्हणाली, "बाप्तिस्मा झाला, की दुसऱ्या दिवशी मला निळ्या खिडकीत जेवायचंय. आयुष्यभर ऐकतेय. एकदा बसू दे मलाही खिडकीपाशी."

सातुर्नीनोने वळण नसतानाही पाय दाबला. वस्तीतल्या न्हाव्याला 'तिथेच चुकलास' म्हणता येतं. बरोबर चालणाऱ्या बायकोला काय सांगणार?

बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी नेली आणि जावई कामावर गेले. वितालियाने सणाची पांढरी टोपी घातली, वेण्या पुन्हा घातल्या आणि दाराशी येऊन उभी राहिली. दोन बस बदलून दोघं चोरियोसच्या कोळ्यांच्या धक्क्यावर पोचली तेव्हा ऐन दुपार होती. हिवाळ्यातलं लिमाचं आभाळ गाढवाच्या पोटासारखं करडं होतं आणि समुद्रही तसाच. वितालियाने तो बराच वेळ पाहिला. सातुर्नीनोनेही पाहिला, पण पहिल्यांदा पाहतोय असं दिसू नये म्हणून जरा दुर्लक्षच केलं.

धक्क्यावर ओळीने खानावळी, आणि प्रत्येकीच्या दारात गिऱ्हाइकं ओढणारी पोरं.

"ये मावशी, ये! आत्ता उड्या मारत होता हा मासा!"

"टोपीवाल्या राणीसाहेब, इकडे! काकांना पण आणा, त्यांनाही वाढतो!"

वितालियाला हसू आलं. "इथेच बसू या ना. वासावरूनच भूक लागली."

"छे. हात धरून ओढतो, त्याचा मासा कालचा असतो."

"मग तुझी खिडकी कुठेय?"

"तेच बघतोय. इकडे सगळं बदललंय. मालकीण म्हातारी होती, बंदही झालं असेल."

"बंद तर बंद. दुसरीकडे बसू."

आता खरं तर सुटका झाली होती. बायकोने आपणहून दोर सोडला होता. पण सातुर्नीनोला ते पुरेना. निळी खिडकी नाही तर नाही, निदान दुसरी अशी जागा हवी, की वितालिया म्हणेल, हा बोलत होता ते खोटं नव्हतं. तेव्हा त्याने ड्रायव्हरांचा कायदा काढला.

"जिथे बाहेर गाड्या जास्त, तिथे जेवण चांगलं. टॅक्सीवाला वाईट ठिकाणी पाय ठेवत नाही. तू नुसतं माझ्यामागे ये."

चढावर एका गल्लीत टॅक्सींची ही रांग लागली होती. सातुर्नीनोची छाती भरून आली. फाटकातून आत शिरला तर गमबूट घातलेला एक माणूस हातात नळी घेऊन उभा.

"बाहेरूनच धुवायची, की आतूनही?" त्याने विचारलं.

"रताळं बरोबर देतात का, विचार त्याला," मागून वितालिया म्हणाली.

यानंतर शहाण्या माणसाने दिसेल तिथे बूड टेकलं असतं. सातुर्नीनोने वितालियाला समुद्राकाठच्या बाकावर बसवलं, भाजलेल्या मक्याचे दाणे घेऊन दिले आणि जाहीर केलं, "सेविचे खायची खरी वेळ संध्याकाळची. सूर्य उतरताना. थांबू या." जागा खरी ठरत नाही, तर निदान वेळ तरी खरी ठरावी, असं त्याच्या मनात होतं. वितालियाने करड्या आभाळाकडे बघितलं. पाय दुखत होते. ती दाणे खात बसली. मागे खानावळी भरल्या, रिकाम्या झाल्या, हाका थांबल्या.

दिवे लागायच्या सुमाराला सातुर्नीनो उठला. "चल. आता."

धक्क्यावरच्या पहिल्या खानावळीत खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या होत्या. मालक बादलीने फरशीवर पाणी ओतत होता. दुसऱ्या खानावळीला कुलूप. तिसरीलाही कुलूप. ते परत पहिलीपाशी आले.

"दोन सेविचे," सातुर्नीनो म्हणाला.

मालकाने झाडू थांबवला. "आत्ता? काका, दुपार टळली की लिमातला माणूस सेविचेला हात लावत नाही. मासा सकाळचा, खायचा दुपारी, संपला विषय. रात्री तो पोटात गार पडतो. डोंगरातून आलात वाटतं?"

"पूर्वी मिळायचं की संध्याकाळी," सातुर्नीनो म्हणाला. आवाज निम्मा झाला होता.

"कधी पूर्वी? माझा बाप इथेच विकायचा, आजाही इथेच. संध्याकाळी इथे फक्त पक्षी जेवतात." आणि त्याने पाणी ओतलं, तशी दोघांना मागे सरावं लागलं.

 वितालियाने टोपी सारखी केली.

"म्हाताऱ्या, तुझी गाडी संध्याकाळीच पोचायची ना?"

"हो."

"दर वेळी?"

"दरड पडली असली तर रात्री."

"म्हणजे तुला सेविचे मिळेल अशा वेळी तू लिमात कधी जेवलाच नाहीस."

सातुर्नीनोने समुद्राकडे बघितलं. तिकडून काही मदत मिळणार नव्हती.

"बरं," वितालिया म्हणाली. "मग खरा जेवायचास कुठे? तिथे ने."

स्टँडमागच्या खानावळीला पुढे प्रवाशांची खोली होती, प्लास्टिकच्या फुलांची आणि मेजपोशांची. सातुर्नीनो तिथे थांबला नाही. बाजूच्या बोळातून, सिलिंडरांवरून पाय टाकत तो मागच्या खोलीत गेला. ही खोली ड्रायव्हरांची. प्रवासी आणणाऱ्याला इथे जेवण फुकट, म्हणून निवडही मालकिणीची. एक लांब बाक, समोर तेलकट भिंत, आणि भिंतीत हातभर चौकोन, स्वयंपाकघरातून ताटं सरकवायला. त्या चौकोनाची चौकट निळ्या रंगाने रंगवलेली होती. रंग हात लागून लागून खालच्या बाजूला उडाला होता.

वितालियाने ती चौकट बघितली. मग नवऱ्याकडे बघितलं. तो सवयीने चौकटीच्या अगदी कडेला जाऊन बसला होता.

"सातुर्नीनो!" आधी आवाज आला, मग चौकोनात डोकं आलं. मालकीण डोमितिला. "मला वाटलं मेलास! मेला असतास तर निदान कळवायचं होतं." आणि न विचारता तिने ताट सरकवलं. भात, मसूर, वर तळलेलं अंडं. तेवढ्यात तिला वितालिया दिसली.

"अगंबाई. ह्याच का त्या? रविवारी तंगडी वाढणाऱ्या?"

वितालियाला कळेना. "कसली तंगडी?"

"अहो ताई, जन्मभर ऐकत आलेय! हा माझा भात ढकलत ढकलत तेच सांगायचा. 'डोमितिला, तुझ्या मसुरात काय दम आहे? माझी बायको रविवारी मला अशी तंगडी वाढते, की वाटीत मावत नाही. पोरीच्या आधी मला. म्हणते, गाडी ओढणाऱ्याला ताकद हवी.' ऐकून ऐकून मला तुमचा रागच यायचा. माझ्या नवऱ्याला वाटायचं, मीही तसं वाढावं."

सातुर्नीनो मसुरातले खडे शोधत होता. खडे नव्हते.

वितालियाला त्याचा राग आलाच होता, दुपारभर दुखलेल्या पायांसकट आला होता. पण आता लाज वाटली, आणि लाज रागापेक्षा जास्त टोचली. हा माणूस या भिंतीकडे तोंड करून रोज मसूर खात होता, आणि घरी ती त्याला मान वाढत होती, वर हिशेब सांगत होती.

"हो," ती डोमितिलाला म्हणाली. "तंगडी त्याचीच." आणि डोमितिलाने सरकवलेलं दुसरं ताट पुढे ओढून जेवायला लागली. मसूर चांगले होते, तसं तिने सांगितलंही.

घरी परतताना रात्रीच्या बसमध्ये, शहराचे दिवे संपल्यावर तिने विचारलं, "एकदा तरी खरं का नाही सांगितलंस?"

"पहिल्याच फेरीनंतर तू विचारलंस, एवढ्या मोठ्या शहरात जातोस, नीट खातोस ना? मसूर म्हणायला जीभ वळेना. मासा म्हणालो. मग मासा रोजचाच झाला."

"आणि रविवारी मान चोखत बसायचास."

"मानेलाही चव असते," सातुर्नीनो म्हणाला. मग वळण आलं आणि त्याने पाय दाबला.

रविवारी सूप उकळत असताना शेजारची क्लोरिंदा आली. लोकर विकणारी ही बाई, तिला कळलं की वस्तीला कळलं. ती चुलीपाशीच बसली.

"मग? सापडली का निळी खिडकी?"

सातुर्नीनोने मान खाली घातली.

"सापडायला काय झालं," वितालिया म्हणाली. "अगदी खिडकीपाशी बसलो. बाई तोंडाने फटकळ आहे, पण याला बघितल्याबरोबर नावाने हाक मारली आणि न विचारता ताट ठेवलं."

"आणि सेविचे?"

"क्लोरिंदा, संध्याकाळी सेविचे कोण खातं? लिमातली माणसं हसतील."

क्लोरिंदा वरमली. "ते मला काय माहीत? माझा भाचा जायचाय पुढच्या महिन्यात. त्याला वाट सांग ना."

"त्याला सांग, धक्क्यावर भर दुपारी जा आणि कुणी हात धरून ओढलं तर खुशाल ओढू दे. निळी खिडकी त्याला सापडायची नाही. तिथे ओळख लागते."

बोलता बोलता तिने पळीने सूप वाढलं. सातुर्नीनोच्या वाटीत तंगडी पडली, काठाबाहेर आलेली. क्लोरिंदाचे डोळे मोठे झाले. "अगं, तंगडी त्याला? तो तर म्हणे समुद्रावर..."

"गाडी ओढणाऱ्याला ताकद हवी."

"पण आता कुठे गाडी ओढतो तो?"

"मागची बाकी फेडतेय," वितालिया म्हणाली.

सातुर्नीनोला तंगडी कुठून धरावी तेच कळेना. सवयीने त्याने पातेल्यात मान शोधली. मान वितालियाच्या वाटीत होती. ती बोटांनी धरून चोखत होती, आणि त्याच्याकडे बघत नव्हती.